सुईची सरळ वाट

ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच ज्या यंत्रावर कोरली जाते, त्या यंत्रात कोरणीचे टोक एका पोलादी स्क्रूच्या साहाय्याने तबकडीच्या कडेकडून केंद्राकडे सरळ रेषेत, म्हणजे त्रिज्येवरूनच, सरकत असते आणि त्यामुळे खाचेच्या प्रत्येक बिंदूपाशी कोरणीचा रोख खाचेच्या दिशेशी तंतोतंत जुळलेला राहतो. ऐकण्याच्या यंत्रात मात्र ही वाट बहुधा बदलते. सुई ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेली असते तो टोनआर्म, म्हणजे सुईचा हात, तबकडीच्या बाहेर रोवलेल्या एका आसाभोवती दारासारखा फिरतो, म्हणून सुईची वाट सरळ न राहता कमानीसारखी वळते आणि कोरणीचा रोख व सुईचा रोख यांत कमीअधिक कोन पडतो. कोरणीच्याच वाटेने सुईला नेणाऱ्या हाताला सरळरेषी टोनआर्म म्हणतात. तो बसवायचा कसा, त्यात सुधारणा कोणत्या करायच्या आणि त्या कोणत्या क्रमाने करायच्या, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आसावर फिरणाऱ्या हाताची भूमिती अगदीच टाकाऊ आहे असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ साली या प्रश्नाचे गणित मांडले आणि पुढे लफग्रेन यांनी १९३८ मध्ये व बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये ते पूर्णत्वास नेले. सुमारे नऊ इंची हातात सुई तबकडीच्या मध्यखुंटीच्या सतरा-अठरा मिलिमीटर पलीकडे जाईल एवढी लांबी ठेवली आणि सुईचे डोके तेवीस-चोवीस अंशांनी आत वळवले, तर केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटर अंतरावर चूक शून्य होते व इतरत्र ती एक-दोन अंशांच्या आत राहते, हे त्या गणिताचे फलित होय. मात्र डोके वळवल्यामुळे खाचेचे घर्षण सुईला सतत आतल्या बाजूला ओढू लागते, आणि ही ओढ सुईच्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असल्यामुळे तिला रोखण्यासाठी दोऱ्याला टांगलेले वजन किंवा स्प्रिंग लावावी लागते. सरळरेषी हातात डोके वळवावेच लागत नाही, म्हणून ही ओढ मुळातच निर्माण होत नाही.

एक-दोन अंशांची चूक किरकोळ आहे की नाही, हे ती तबकडीवर कोठे पडते यावर अवलंबून असते. एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १४६ मिलिमीटर असल्यामुळे तेथे सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर ६० मिलिमीटर त्रिज्येच्या शेवटच्या खाचेत हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तोच नाद तेथे अडीचपट कमी लांबीत दाटीवाटीने कोरावा लागतो. खाचेच्या कंपनाचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर आहे असे धरले, तर एका अंशाच्या चुकीमुळे मूळ स्वरात मिसळणारा दुप्पट वारंवारतेचा खोटा स्वर बाहेरच्या कडेला सुमारे ०.३ टक्के असतो, आणि आतल्या कडेला तो ०.८ टक्क्यांवर जातो. आतल्या खाचेतील कर्कशपणाला सुईच्या टोकाचा आकार आणि कमी झालेला वेग हीही कारणे आहेत, व ती कोणत्याही हाताने दूर होत नाहीत. पण कोनाचा वाटा दूर करता येतो.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यासाठी हा तपशील विशेष मोलाचा आहे, कारण या संगीताची चढण आणि तबकडीची उतरण नेमकी एकमेकांच्या उलट चालतात. ख्यालाची एलपी सुरू होते ती विलंबित लयीतल्या, ऐसपैस अंतर राखणाऱ्या आलापीने, आणि त्या वेळी सुई सर्वांत प्रशस्त खाचेत असते. वीस-बावीस मिनिटांनी द्रुत बंदिश, सपाट ताना, तबल्याची चाट आणि हार्मोनियमची लगबग एकवटते, तेव्हा सुई सर्वांत अरुंद वाटेत पोहोचलेली असते. रचनेला जेथे सर्वाधिक निर्मळ उमटणीची गरज आहे, तेथेच यंत्र सर्वांत दुबळे असते. तीन-चार मिनिटांच्या सुट्या गीतांची तबकडी ऐकणाऱ्याला ही अडचण फक्त शेवटच्या गीतापुरती जाणवते, पण अखंड ख्याल ऐकणाऱ्याला ती कळसाच्या वेळीच भेटते.

नागपूरच्या श्रोत्याला हे पडताळून पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला ज्यांचे नाव दिले आहे त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचे गाणे, विशेषतः त्यांच्या वक्र, अनपेक्षित ठिकाणी तुटून पुन्हा जुळणाऱ्या ताना, हे सुईच्या हाताची परीक्षा पाहणारे साहित्य आहे. मूळचे याच शहरातले पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेल्या आणि १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने हा आवाज घरोघरी पोहोचवला, आणि त्या काळातील नाट्यसंगीताच्या तबकड्या विदर्भातल्या अनेक घरांत अजून जपून ठेवलेल्या आहेत. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने पहिली एलपी जून १९४८ मध्ये जगासमोर मांडली आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. म्हणजे या शहराचे नभोवाणीवरील संगीत आणि एलपी यांचे वय जवळपास सारखेच आहे.

सरळ वाटेची कल्पना तबकडीपेक्षाही जुनी आहे. एडिसनच्या नळकांडी फोनोग्राफमध्ये स्क्रूच्या आट्यांवरून सुई, किंवा सुरुवातीच्या यंत्रात नळकांडेच, सरळ पुढे सरकत असे. बर्लिनर यांच्या चपट्या तबकडीने हा स्क्रू काढून टाकला आणि सुईला वाट दाखवण्याचे काम खाचेवरच सोपवले. यंत्र स्वस्त झाले, पण हात आसावर फिरू लागला. त्यानंतर सरळ हाताकडे परतण्याचे प्रयत्न तीन दिशांनी झाले. पहिल्या प्रकारात मोटर हाताला सरकवते: जेकब रॅबिनो या अमेरिकी संशोधकाच्या रॅबको हातात सुईचा दांडा किंचित तिरपा झाला की विद्युतमंडल जोडले जाऊन मोटर गाडीला पुढे नेत असे, आणि पुढे डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने १९७२ च्या बिओग्राम ४००० मध्ये व जपानच्या टेक्निक्सने १९७९ च्या एसएल-१० मध्ये, जो एलपीच्या वेष्टनाएवढ्याच आकाराचा होता, हीच युक्ती अधिक सफाईने वापरली. दुसऱ्या प्रकारात बारीक बेअरिंगांची चाके असलेली गाडी काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या दांडीवरून खाचेच्याच ओढीने धावते. तिसऱ्या प्रकारात पोकळ दांडी आणि तिच्याभोवतीची नळी यांच्या दरम्यान पंपाने हवा भरली जाते आणि गाडी त्या हवेच्या पातळ थरावर तरंगते. ब्रूस थिगपेन यांचा १९८० च्या दशकातला ईटी-२ हा हात या प्रकारातला सर्वांत अभ्यासला गेलेला नमुना आहे. पुढील विवेचन मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे मोटरीशिवाय चालणाऱ्या हातांना, लागू पडते, कारण हौशी माणसाच्या हाताला खरा वाव तेथेच असतो.

बसवणीतली पहिली अट अशी की सुईच्या टोकाने आखलेली रेषा, ती पुढे वाढवली असता, मध्यखुंटीच्या केंद्रातूनच गेली पाहिजे. ती रेषा केंद्राच्या बाजूने एक मिलिमीटर अंतरावरून गेली, तर बाहेरच्या खाचेत सुमारे ०.४ अंशाची चूक पडते आणि आतल्या खाचेत ती जवळजवळ एक अंश होते. अचूक बसवलेल्या साध्या, आसावर फिरणाऱ्या हाताची चूकही आतल्या खाचेत साधारण एवढीच असते. याचा अर्थ असा की केवळ एक मिलिमीटरच्या दुर्लक्षाने सरळरेषी हाताचा सारा फायदा नेमका तेथेच संपतो, जेथे त्याची गरज आहे. चूक ०.२ अंशाच्या आत ठेवायची असेल तर ही रेषा केंद्रापासून ०.२ मिलिमीटरपेक्षा अधिक ढळता कामा नये. यासाठी जाड पुठ्ठ्याला खुंटीवर घट्ट बसेल एवढे भोक पाडून त्याच्या केंद्रातून बारीक रेषा आखावी, पुठ्ठा चिकटपट्टीने तबकडीच्या चाकावर स्थिर करावा आणि सुई बाहेरच्या, मधल्या व आतल्या अशा तीन जागी टेकवून ती प्रत्येक वेळी रेषेवरच उतरते का हे भिंगातून पाहावे. बाहेर बरोबर आणि आत चुकीची उतरत असेल तर गाडीची दांडी, म्हणजे रूळ, तिरपा आहे. तिन्ही जागी सारख्याच अंतराने चुकत असेल तर रूळ सरळ आहे, फक्त सुई पुढे किंवा मागे घ्यायला हवी. हे जमल्यानंतरच सुईचे डोके रेषेशी काटकोनात आणावे. डोक्याची कड नव्हे, तर ज्या सूक्ष्म दांडीच्या टोकाला हिरा बसवलेला असतो ती दांडी काटकोनात हवी, कारण या दोन्ही नेहमी एकमेकींशी जुळतातच असे नाही.

दुसरी अट पाणसळीची आहे. आसावर फिरणारा हात थोडासा कल सहन करतो. हवेवर तरंगणारी गाडी मात्र उताराकडे घसरते. गाडी, दांडा आणि वजने मिळून ३० ग्रॅम आहेत असे धरले, तर मीटरला एक मिलिमीटर एवढ्या कलामुळे ती ०.०३ ग्रॅमच्या जोराने बाजूला ढकलली जाते, जे चालून जाते. मीटरला पाच मिलिमीटर कल असेल तर हा जोर ०.१५ ग्रॅम होतो आणि दीड-दोन ग्रॅमच्या दाबाने चालणाऱ्या सुईची दांडी सतत एका बाजूला वाकलेली राहते. गवंड्याची पाणसळ सुरुवातीला पुरते, पण शेवटची दुरुस्ती लेथ बसवताना वापरतात तशा संवेदनशील पाणसळीनेच करावी. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रशाळांशी ओळख असणाऱ्याला ती तासाभरासाठी मिळणे अवघड नाही. पाणसळ चाकावर ठेवून भागत नाही. चाक आणि रूळ दोन्ही स्वतंत्रपणे तपासावेत, कारण कल बहुधा त्यांच्या जोडणीत दडलेला असतो. खालची बैठक कडप्प्याच्या जाड फरशीची असली तर कल दीर्घकाळ टिकतो. लाकडी मांडणी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून विदर्भात वर्षातून किमान दोनदा, जून आणि ऑक्टोबरनंतर, ही तपासणी पुन्हा करावी.

तिसरी अट सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक आहे. सुईतून निघणाऱ्या चार तारा सरकत्या गाडीपासून स्थिर भागापर्यंत न्याव्याच लागतात, आणि त्या कितीही बारीक असल्या तरी स्प्रिंगसारख्या वागतात. हात नीट सरकत नाही म्हणून अनेक जण पंप बदलतात, दाब वाढवतात, दांडी घासून घेतात, आणि दोष शेवटी तारांच्या वेटोळ्यात सापडतो. परीक्षा सोपी आहे. हवा सुरू करून, सुई तबकडीपासून उचललेली व हात तोललेला असताना, गाडी बोटाने वेगवेगळ्या जागी नेऊन सोडावी. ती प्रत्येक वेळी एकाच दिशेला घसरत असेल तर दोष पाणसळीचा; कोठूनही सोडली तरी ठरावीक जागी परत येत असेल तर दोष तारांचा; आणि ठेवली तेथे थांबत असून ढकलताना अडखळत असेल तर दांडीवर धूळ, ओरखडा किंवा हवेची कमतरता आहे. तारा रेशमी धाग्याच्या वेष्टनातल्या, केसाएवढ्या बारीक असाव्यात. त्या एकत्र पिळू नयेत, सैल व रुंद कमानीत वरून लोंबत सोडाव्यात, आणि सुई मधल्या खाचेत असताना ती कमान पूर्ण विसावलेली असेल अशी जागा शोधावी. या एका दुरुस्तीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि तिचा परिणाम इतर बहुतेक सुधारणांपेक्षा मोठा असतो.

वजनांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण सरळरेषी हाताला दोन वेगळी जडत्वे असतात. तबकडीच्या लाटांवरून वरखाली होताना तो तराजूच्या दांडीसारखा डोलतो, तर बाजूला सरकताना मागच्या वजनासह सबंध हात उचलून न्यावा लागतो. सुईचा भार तोलण्यासाठी मागे ३० ग्रॅम वजन चार सेंटिमीटरवर ठेवले काय किंवा २० ग्रॅम सहा सेंटिमीटरवर ठेवले काय, तोल सारखाच साधतो. पण डोलण्याचे जडत्व वजन गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबाने ठरत असल्यामुळे पहिल्या मांडणीत ते ४८० आणि दुसरीत ७२० येते, म्हणजे जड वजन जवळ ठेवणे वरखालीसाठी चांगले आणि हलके वजन लांब ठेवणे आडव्या सरकण्यासाठी चांगले. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. निर्णय करण्यासाठी अनुनादाचा, म्हणजे हात आणि सुईची लवचीक दांडी मिळून स्वतःहून ज्या वारंवारतेने झुलू पाहतात तिचा, हिशेब करावा लागतो. हाताचे परिणामी वस्तुमान ग्रॅममध्ये आणि सुईची लवचीकता तिच्या माहितीपत्रकातल्या आकड्यात घेऊन दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे व त्याने १५९ ला भागावे. लवचीकता १५ आणि उभ्या दिशेचे वस्तुमान १५ ग्रॅम असेल तर उत्तर १०.६ हर्ट्झ येते, आणि हे अगदी योग्य आहे, कारण तबकडीच्या लाटा साधारण सहा हर्ट्झच्या खाली असतात व संगीत वीसच्या वर सुरू होते. आडव्या दिशेला वस्तुमान ३० ग्रॅम असेल तर उत्तर ७.५ येते, ६० ग्रॅम असेल तर ५.३. लाटा आडव्या नसतात म्हणून साडेसात चालते, परंतु त्याखाली जाणे शहाणपणाचे नाही. ईटी-२ मध्ये मागचे वजन पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर बसवून ते या झुलण्यापासून काहीसे विलग केले आहे. ज्याला स्वतः हात घडवायचा आहे त्याने हा उपाय जरूर अभ्यासावा. शेवटचा दाब मोजण्यासाठी खास आयात केलेले उपकरण लागत नाही. इतवारीच्या सराफ्यात चालतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो, मात्र त्याचा पृष्ठभाग तबकडीच्याच उंचीवर यायला हवा.

हवेच्या हातासाठी हौशी लोक मत्स्यालयाचा पंप वापरतात आणि तो चालतोही, पण त्याचा पडदा विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर थरथरतो व ती थरथर नळीतून थेट सुईपर्यंत येते. पंप आणि हात यांच्या दरम्यान हवाबंद डबा जोडला की ही थरथर बरीचशी शमते. दोन डबे आणि त्यांच्यामध्ये बारीक छिद्र असेल तर आणखी चांगले. नागपुरात दोन स्थानिक अडचणी यात भर घालतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा खोलीत कूलर लागतो, आणि त्याच्या पंख्याची घरघर जमिनीतून व भिंतीतून चालत येते. कूलर खिडकीबाहेर स्वतंत्र घडवंचीवर असावा आणि वाद्ययंत्राची मांडणी समोरच्या भिंतीशी असावी. कूलरचा ओलावा प्लास्टिकच्या तबकडीवरील स्थिर वीज कमी करतो हे चांगलेच, पण पंपाने तीच ओलसर हवा दाबून नळीत भरली तर आत पाणी साठते व पावसाळ्यात तर हमखास साठते, म्हणून हवेच्या वाटेत सिलिका जेलची बाटली हवीच आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे. वीज गेली तर गाडी दांडीवर बसते आणि चाक अजून फिरत असल्यामुळे सुई खाचेत ओढली जाते. पंप बॅटरीवर चालणाऱ्या यूपीएसला जोडणे हा त्यावरचा उपाय आहे.

मोटरीवर चालणाऱ्या जुन्या टेक्निक्स किंवा बँग अँड ओलुफसेन यंत्रांबाबत थोडक्यात सांगता येते. गाडी ओढणारा रबरी पट्टा सैल झालेला असतो, मार्गदांडीवरचे वंगण गोंदासारखे घट्ट झालेले असते, आणि प्रकाशसंवेदकावर धूळ बसलेली असते. या तीन गोष्टी स्वच्छ व नव्या केल्या की यंत्र बहुधा पूर्ववत चालते. टेक्निक्सच्या खटक्याने बसणाऱ्या कार्ट्रिजचे, म्हणजे सुईच्या डोक्याचे, वजन सहा ग्रॅम आणि दाब सव्वा ग्रॅम असे ठरवून दिलेले आहे. त्यात फेरफार करण्याच्या फंदात पडू नये.

उरतो तो तबकडीचाच दोष, आणि सरळरेषी हात त्याबाबत क्षमाशील नाही. भोक केंद्रापासून ढळलेले असेल तर सुईला प्रत्येक फेऱ्यात आतबाहेर जावे लागते. एलपीवर अर्धा मिलिमीटर ढळण असली तरी ३० ग्रॅमच्या हातावर ०.०२ ग्रॅमइतकाच जोर येतो, पण ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एक मिलिमीटर ढळण असेल तर तो ०.२ ग्रॅम होतो. स्वराचे नुकसान याहून गंभीर आहे. ६० मिलिमीटर त्रिज्येवर एक मिलिमीटरची ढळण स्वराला दोन्ही बाजूंना सुमारे १.७ टक्के हलवते, आणि कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली ज्यांवर ग्रंथ लिहिला त्या बावीस श्रुतींपैकी सर्वांत लहान अंतर ८१:८०, म्हणजे फक्त सव्वा टक्का, आहे. ढळलेल्या तबकडीवरून एखाद्या गायकाचा गंधार चढा की उतरा हे ठरवू पाहणारा अभ्यासक गायकाचा नव्हे, भोकाचा अभ्यास करत असतो. तेव्हा हाताला दोष देण्यापूर्वी तबकडी केंद्रावर आणावी. त्यासाठी खुंटीच्या उंचीएवढी जाड गादी चाकावर घालावी, म्हणजे तबकडी खुंटीच्या वर मोकळी बसते, आणि हात डोलायचा थांबेपर्यंत ती बोटाने हलकेच सरकवत राहावे. जुन्या तबकडीचे भोक कानसीने मोठे मात्र कधीही करू नये.